कवड्यांचे दान आणि दामदुपट

दिवाळीच्या सुट्टीत आमची नात पुण्याहून अंबाजोगाईस आली म्हणजे आमची परीक्षा सुरू होते. छत्तीस वर्षे आम्ही लोकांच्या मुलांच्या परीक्षा घेतल्या. त्याचे उट्टे ही नववीतील मुलगी काढते, असे आमच्या कुटुंबाचे म्हणणे आहे. यंदा पाडव्याच्या दिवशी पाने मांडली असता तिने प्रश्न टाकला, "आजोबा, एक गृहस्थ तुम्हांला महिनाभर रोज एक लाख रुपये देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, मी आज एक पैसा देईन, उद्या दोन, परवा चार, आणि असाच रोज दुप्पट करीत जाईन. तुम्ही कोणाचे घ्याल?"

आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून निकाल आला, "लाखवाल्याचे घ्या, आणि तेही रोजच्या रोज मोजून घ्या. पैशाचे नाणे आता घेतो कोण?" नाणे चालत नाही हे खरेच, पंचवीस पैशांपर्यंतची सारी नाणी २०११ सालीच व्यवहारातून गेली. निकाल मात्र चुकला होता. लाखवाल्याकडून तीस दिवसांत तीस लाख येतात. पैशावाल्याकडून येतात १,०७,३७,४१८ रुपये आणि वर २३ पैसे. नातीने हे उत्तर असे काही मिरवून सांगितले की जणू हा प्रश्न तिच्या शाळेतच जन्मास आला. तेव्हा आम्हांस थोडे मास्तरपण आठवले. "बाळ," आम्ही म्हटले, "ह्या प्रश्नाचे वय सुमारे पावणेनऊशे वर्षे आहे, आणि तो आपल्याच मुलखातला आहे."

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी रचिला. त्याचाच पाटीगणिताचा भाग लीलावती. त्यातील श्रेढीव्यवहारात हा प्रश्न आहे. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले? आचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड म्हणून सांगितले आहे. हे विज्जडविड म्हणजे आमचे बीडच, असे मानणारे विद्वान होऊन गेले. दुसरे कित्येक चाळीसगावाजवळच्या पाटणाकडे बोट दाखवितात. कारण आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा, शके ११२८ चा शिलालेख तेथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणिला. आम्ही बीड जिल्ह्याचे असल्यामुळे ह्या वादात आमचे मत विचारण्यात अर्थ नाही.

नातीने यंत्रावर बोटे चालविण्यास प्रारंभ केला. आम्ही पाटी घेतली. दोनास दोनाने तीस वेळा गुणीत बसण्याची येथे गरज नाही. आचार्यांची रीत अशी : दिवसांची संख्या सम असेल तर तिचे अर्ध करावे आणि बाजूस 'वर्ग' असे लिहावे, विषम असेल तर एक वजा करून 'गुण' असे लिहावे, शून्य येईपर्यंत हेच करावे. तीसाचे पंधरा, वर्ग. पंधराचे चौदा, गुण. चौदाचे सात, वर्ग. साताचे सहा, गुण. सहाचे तीन, वर्ग. तीनाचे दोन, गुण. दोनाचा एक, वर्ग. एकाचे शून्य, गुण. आता खालून वर चढावे. गुण, म्हणजे दोन. वर्ग, चार. गुण, आठ. वर्ग, चौसष्ट. गुण, एकशे अठ्ठावीस. वर्ग, १६,३८४. गुण, ३२,७६८. वर्ग, १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत शिखर गाठले. छंदःशास्त्र शिकलेल्या वाचकांस ही रीत ओळखीची वाटेल. लघुगुरूंचे प्रस्तार मोजण्यासाठी पिंगलाने हीच युक्ती भास्कराचार्यांच्या कित्येक शतके आधी सांगून ठेविली आहे. ह्या संख्येतून एक वजा करून आदिपदाने, म्हणजे दोनाने, गुणिले की दानाच्या कवड्या निघतात : २,१४,७४,८३,६४६. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. तेव्हा उत्तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. नातीचे यंत्र आणि आमची पाटी यांचे उत्तर एकच आले, हे येथे नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

परंतु शेवटल्या उत्तराहून आम्हांस त्या दात्याची पंधराव्या दिवशीची स्थिती अधिक विचार करण्याजोगी वाटते. अर्धा महिना उलटला आहे. आतापर्यंत त्याच्या हातून गेल्या आहेत ६५,५३४ कवड्या, म्हणजे तीन निष्क आणि वर काही चिल्लर. त्या रात्री घरातील वडीलधाऱ्यांनी त्यास बजाविले असते, की हे वचन तुला बुडवील, तर तो हसला असता. अर्धे वचन पाळून झाले आणि लागले तीन निष्क. राहिलेल्या अर्ध्यास आणखी तीन, फार तर सहा, लागतील, असाच हिशेब कोणीही धरील. तिसाव्या दिवशी एकट्या त्या दिवसाचे देणे मागील एकोणतीस दिवसांच्या सर्व देण्याहून दोन कवड्यांनी अधिक भरते. दुपटीचा सारा कपटीपणा ह्यात आहे. ती आरंभी भिकाऱ्यासारखी दारात येते, आणि शेवटी घर तिचे झालेले असते.

आकडा बुद्धीस पटतो. डोळ्यांस पटत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बुद्धिबळाचा पट काढिला आणि कुटुंबाची नजर चुकवून डब्यातील ज्वारी आणिली. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. बारा घरे होईतो सारे मिळून ४,०९५ दाणे, म्हणजे जेमतेम ओंजळभर. येथपर्यंत नातीने मोजले. पुढे तिचा धीर सुटला आणि आम्ही तोंडी चाललो. हजार दाण्यांचे वजन सुमारे तीस ग्रॅम धरिले तर सोळाव्या घरापर्यंत दोन किलो होतात; बाविसाव्यापर्यंत सव्वा क्विंटल, म्हणजे दोन माणसांचे वर्षाचे धान्य; अर्धा पट भरतो तेव्हा एकशे एकोणतीस टन. चौसष्टावे घर भरावयाचे तर, जगात सध्या वर्षास सुमारे सहा कोटी टन ज्वारी पिकते, त्या मानाने साऱ्या पृथ्वीने नऊ हजार वर्षे पिकवावे लागेल. "आधी सांडलेले दाणे वेचा," असे मागून ऐकू आले, आणि खेळ आटोपला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी आला नसता, तर हा विषय आम्ही वाचकांपुढे आणिला नसता.

हा बालाघाटाच्या डोंगरावरील एका गावचा; कोरडवाहू जमीन, कापूस आणि सोयाबीन. शाळेत असता गणितात बरा होता. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने एका खाजगी माणसाकडून चाळीस हजार रुपये घेतले, दरमहा शेकडा पाच रुपये व्याजाने. वर्ष भरले तेव्हा देण्यास काही नव्हते. सावकाराने जुना कागद फाडून चौसष्ट हजारांचा नवा करून घेतला. दुसऱ्या वर्षी १,०२,४०० चा. येत्या बुधवारी तिसरे वर्ष भरत होते, आणि १,६३,८४० चा कागद तयार होता. त्याने बसल्या बसल्या मोबाईलमध्ये काढलेले तिन्ही जुन्या कागदांचे फोटो आम्हांस दाखविले. त्याची शंका अशी : "गुरुजी, महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ. तीन वर्षांचे एकशे ऐंशी. चाळीस हजारांचे एक लाख बारा हजार व्हायला पाहिजेत. हे वरचे बावन्न हजार कुठून आले? आणि कागद नवा करून देऊ का नको?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पाटी समोरच होती. ह्या व्यवहारात दुपटीऐवजी दर वर्षी एक पूर्णांक सहा दशांशांनी गुणणे आहे, एवढाच भेद. असाच कागद दहा वर्षे फिरला तर काय होईल, हे आम्ही त्याच रीतीने काढून दाखविले. दहाचे पाच, वर्ग. पाचाचे चार, गुण. चाराचे दोन, वर्ग. दोनाचा एक, वर्ग. एकाचे शून्य, गुण. खालून वर : १.६, २.५६, ६.५५३६, १०.४८५७६, १०९.९५. चाळीस हजारांचे त्रेचाळीस लाख अठ्ठ्याण्णव हजार. तो बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. आपण अद्याप दात्याच्या पंधरवड्यातच आहो, हे त्यास सांगावे लागले नाही.

व्याजाचा हा दर काही नवा नाही. लीलावतीतच पंचराशिकाच्या उदाहरणात महिन्यास शेकडा पाच हाच दर घेतला आहे. परंतु आचार्यांची व्याजाची उदाहरणे सरळ व्याजाची आहेत. दुपटीची श्रेढी त्यांनी व्याजाच्या प्रकरणात न आणिता दानाच्या प्रसंगी घातली. ह्यात त्यांचा काही हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु धर्मशास्त्रकारांनी मात्र हेतुपूर्वक ह्या दोन गोष्टींमध्ये भिंत घातली होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एकदा दिलेल्या धनाची वृद्धी दुपटीपलीकडे जाऊ नये असे सांगितले आहे. आणि चक्रवृद्धी, म्हणजे व्याजावर व्याज, हीही त्याज्य ठरविली आहे. याज्ञवल्क्यानेही सोन्यास दुप्पट, धान्यास तिप्पट, वस्त्रास चौपट अशा मर्यादा घातल्या. त्यावर मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी होते. ही कल्याणी आज बिदर जिल्ह्यात आहे, आणि पूर्वी तीही आमच्याप्रमाणे निजामाच्या मुलखात होती. म्हणजे दुप्पट किती दूर जाते हे मोजणारा ग्रंथ आणि ती एका पावलापलीकडे जाऊ नये असे सांगणारा ग्रंथ, हे दोन्ही एकाच दख्खनी भूमीत, एकमेकांपासून फार तर पाऊणशे वर्षांच्या अंतरात झाले. लोकांच्या तोंडी ह्या नियमास दामदुपट म्हणतात. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानिला.

येथवर वाचून कोणास अभिमान वाटला असेल तर त्याने थोडे थांबावे. त्याच अध्यायात ब्राह्मणाकडून महिन्यास शेकडा दोन, आणि शूद्राकडून पाच घ्यावे, असाही भेद सांगितला आहे. आणि दुसरे म्हणजे, भिंतीस एक दार ठेविले आहे. ज्यास ऋण फेडवत नाही त्याने लेख बदलून द्यावा, आणि साचलेले व्याज देण्यासही शक्ती नसेल तर तेही नव्या लेखात दाखवावे. मिताक्षरेतही, नवा व्यवहार ठरला किंवा ऋण दुसऱ्या पुरुषाकडे गेले, तर वृद्धी पुन्हा चालू होते, असेच म्हटले आहे. दार बहुधा अडलेल्या ऋणकोच्या सोयीसाठी ठेविले असेल. त्यातून आत कोण शिरले, ते आम्हांस आमच्या माळ्यावरील पेटीत सापडले आहे.

ही पेटी आमच्या आजोबांची. मोडी आम्हांस वडिलांनी शिकविली. सरावासाठी घरातील जुनी पत्रे, वाणसामानाच्या याद्या, सारे त्यांनी पुढे ठेविले, परंतु लाल फडक्यातील एक बासन कधी दिले नाही. ते गेल्यावर आम्ही ते सोडिले. आत एकाच शेतकऱ्याचे पाच कागद एकावर एक ठेविलेले. पहिला फसली १३३२ चा, म्हणजे १९२२-२३ चा : बैलासाठी शंभर रुपये हाली सिक्का, व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी दुसरा, १७२ रुपयांचा. मग २९५ चा, मग ५०७ चा. आधीच्या प्रत्येक कागदावर आडव्या रेघा मारून तो रद्द केलेला. हिशेब केला तर तिसऱ्या कागदाच्या वेळी २९५ वर तेरा आणे, आणि चौथ्याच्या वेळी ५०७ वर सहा आणे निघत होते. दोन्ही ठिकाणी आजोबांच्या वळणदार अक्षरात 'वरील आणे सोडून दिले' असे लिहिले आहे. पाचवा कागद बारा वर्षांनंतरचा. त्यात ८७२ रुपयांच्या फेडीत सात एकर जमीन लिहून दिली आहे. पाचही कागदांवर तोच डावा अंगठा.

आता दामदुपटीच्या दृष्टीने पाहावे तर आजोबांनी काही मोडले नाही. प्रत्येक कागदात शंभरास बहात्तर रुपये व्याज. कोणत्याही एका कागदात व्याज मुद्दलाच्या वर गेले नाही. पहिलाच कागद बारा वर्षे राहिला असता, तर दोनशे रुपयांवर एक पैही मागता आली नसती. मुद्दल दर तीन वर्षांनी नवे जन्मले, म्हणून मर्यादाही दर तीन वर्षांनी नवी झाली. दोनशेचे आठशे बाहत्तर झाले ते कोणताही नियम न तोडता. आजोबा स्नानसंध्याशील होते, मिताक्षरा त्यांच्या संग्रही होती, आणि त्यांनी ती नीट वाचली होती, एवढे ह्यावरून सिद्ध होते. सावकार म्हटला की आमच्या वर्गातील मंडळींस मारवाडी किंवा गुजर आठवतो. बासनातील अक्षर आमच्या घरचे आहे.

आमच्या शेजारच्या इंग्रजी मुलखात हे दार एकदा लोकांनीच जाळण्याचा प्रयत्न केला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगल उसळली आणि ती अहमदनगर जिल्ह्यातही पसरली. दंगलखोरांचा रोख माणसांपेक्षा कर्जाच्या कागदांवर होता. कागद जाळून झाले की बहुतेक ठिकाणी ते परत फिरत. आपणांस कशाने बांधले आहे, हे त्या निरक्षर कुणब्यांस बरोबर कळले होते. पुढे सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा केला. त्यातील मर्माची गोष्ट ही, की न्यायाधीशाने शेवटच्या कागदावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन पहिल्या रकमेपासून हिशेब घ्यावा. नव्या कागदाची जादू एवढ्याने उतरते. नगरची हद्द ओलांडली की आमचा जिल्हा; परंतु आम्ही सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा आम्हांस लागू नव्हता. आजोबांचे पाचही कागद त्या काळातले.

त्या सात एकरांचे पुढे काय झाले तेही सांगून टाकितो. जमीन आजोबांच्या नावे झाली तरी कसणारे घर तेच राहिले, केवळ मालकाचे कूळ झाले. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याच्या आधाराने ती पुढे त्या घराकडे परत गेली. आमच्या लहानपणी घरात ह्या गोष्टीची आठवण 'सरकारने आपली जमीन घेतली' अशा शब्दांत होत असे. वडील अशा वेळी उठून जात.

विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळतो. कायदा त्याच्या बाजूस आहे. २०१४ पासून अंमलात असलेल्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकासही चक्रवाढ व्याज घेता येत नाही, आणि व्याज म्हणून मुद्दलाहून अधिक घेता येत नाही. दामदुपट जिवंत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तक्रार तालुक्यास सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करावयाची. हे सर्व आम्ही त्यास सांगितले, आणि पहिल्या कागदाचा फोटो तेवढा जपून ठेव, असेही सांगितले. कारण साऱ्या हिशेबाचे मूळ तो आहे.

तो म्हणाला, "खरे आहे गुरुजी. पण पुढच्या वर्षी पाऊस गेला तर मी कोणाच्या दारी जाऊ? निबंधक साहेब खताला पैसे देणार आहेत का?" ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. बँकेत त्याचे जुने पीककर्ज थकले आहे, म्हणून तेथे उभे करीत नाहीत. आमचे स्वतःचे पैसे बँकेच्या मुदतठेवीत आहेत. सात टक्क्यांनी, बहात्तरास साताने भागावे ह्या ठोकताळ्याप्रमाणे, ते दहा वर्षांच्या आसपास दुप्पट होतील, हे आम्ही महिन्यातून एकदा तरी मनात घोळवितो. तीच चक्रवाढ, परंतु आम्ही चाकाच्या वरच्या बाजूस बसलो आहो. पाच टक्के महिन्याचे चाक बहात्तराच्या त्याच ठोकताळ्याने साडेचौदा महिन्यांत दुप्पट करते. त्यास पंधरा हजार रुपये बिनव्याजी देण्याचे आम्ही बोललो. ते त्याने घेतले नाहीत, आणि घेतले असते तरी चाळीस हजारांपुढे त्यांचे काय होणार होते?

उठण्याच्या सुमारास आम्ही आत जाऊन ते लाल बासन आणिले. का आणिले, हे आम्हांस आजही नीट सांगता येणार नाही. पाचही कागद पाटावर ओळीने मांडले आणि देवनागरीत वाचून दाखविले : शंभर, एकशे बहात्तर, दोनशे पंच्याण्णव, पाचशे सात, आठशे बाहत्तर. नात खांबाशी उभी राहून ऐकत होती. त्याने खाली वाकून अंगठ्यांच्या निशाण्या पाहिल्या. तो आमच्या शाळेत शिकल्यामुळे अंगठ्याऐवजी सही करितो.

"सावकार कोण होता, गुरुजी?" त्याने विचारले.

"आमचे आजोबा," आम्ही सांगितले.

त्याने चहा संपविला, कप स्वतः मोरीवर नेऊन ठेविला, आणि पाटीवरील हिशेबाचा एक फोटो काढून घेतला. बुधवारी तो सही करण्यास गेला नाही. गुरुवारी सावकाराचा माणूस त्याच्या दारी येऊन गेला, असे त्याने दूरध्वनीवर कळविले. काय बोलणे झाले ते सांगितले नाही. सोमवारी निबंधकाच्या कचेरीत आमच्याबरोबर या, असे मात्र म्हणाला, आणि आम्ही हो म्हटले आहे. नात पुण्यास परत गेली. जाताना तिने, त्या बैलवाल्याच्या घरचे लोक आता कोठे आहेत, असे विचारिले. ते येथून दोन कोसांवर आहेत. कुटुंबाचे म्हणणे, सोमवारी कचेरीतून परतताना बासन घेऊन तिकडेही जाऊन यावे. आम्ही अद्याप काही ठरविलेले नाही.